ताऱ्यामागे फिरणारी दुर्बीण

जुलै १८०१ मध्ये म्युनिकमधील एका आरसेवाल्याचे घर कोसळले. ढिगाऱ्याखालून १४ वर्षांचा एक शिकाऊ मुलगा जिवंत निघाला. आईवडील आधीच गेलेले, मालक पुस्तकाला हात लावू देत नसे. बचावकार्याच्या वेळी हजर असलेला बव्हेरियाचा शासक मॅक्सिमिलियन याने त्याला पैसे दिले. त्यातून मुलाने काच घासण्याचे यंत्र घेतले आणि शिकाऊपणातून स्वतःची सुटकाही करून घेतली.

हा मुलगा म्हणजे जोसेफ फ्राउनहोफर. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांची त्यांनी १८१४ मध्ये केलेली नोंद सर्वांना ठाऊक असते. दुर्बिणीच्या बैठकीवरचे, म्हणजे माउंटवरचे, त्यांचे काम मात्र उगाच मागे पडले आहे.

पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश चार मिनिटांत एक अंश सरकते. एवढ्या जागेत दोन पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील. मोठ्या दुर्बिणीतून तारा पाहता पाहता निसटतो. दुर्बिणीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसवला, तर तेवढाच एक अक्ष एकसारख्या गतीने फिरवून तारा धरून ठेवता येतो. ही कल्पना जुनीच. फ्राउनहोफर यांनी तिला नेमके रूप दिले. तिरक्या अक्षाच्या एका बाजूला लांब नळी, दुसऱ्या बाजूला तिला तोलणारे वजन आणि अक्ष फिरवायला घड्याळासारखे, खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारे यंत्र. २४ सेंटिमीटर भिंगाची अशी दुर्बीण १८२४ मध्ये डोर्पाटला, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तूला पोहोचली.

या रचनेला आजही जर्मन माउंट म्हणतात, आणि माणसाविना रात्रभर चालणाऱ्या कित्येक छोट्या वेधशाळांत तीच असते. वजनाची जागा मोटारीने घेतली आहे. अडचणीही रचनेतूनच येतात. तारा आकाशाची उत्तर-दक्षिण मध्यरेषा ओलांडतो तेव्हा नळी खांबावर आपटू नये म्हणून ती दुसऱ्या बाजूला पलटवावी लागते. संगणकाला नळी कुठल्या बाजूला आहे हे बहुधा दिसत नाही. ठरलेल्या विश्रांतीच्या जागेपासून, म्हणजे ‘पार्क’ स्थितीपासून, मोटारीचे टप्पे मोजून तो अंदाज बांधतो. मध्येच वीज गेली किंवा कोणी हाताने नळी सरकवली, की हिशेब चुकतो. पुढच्या रात्री दुर्बीण भलतीकडे वळते, कधी थेट खांबाकडे.

अशा वेळी सॉफ्टवेअरशी झटापट करण्याआधी नळी मूळ खुणेवर आणावी, घड्याळ आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश तपासावेत, मग आकाशाचा फोटो काढून त्यातले तारे नकाशाशी जुळवावेत. तारा तरीही हळूहळू सरकत राहिला, तर शंका ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षावर घ्यावी. तो किंचित चुकला असेल, तर सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी तारा जागचा हलणारच.

डोर्पाटला विल्हेल्म स्ट्रूव्ह यांनी या दुर्बिणीने सुमारे १,२०,००० तारे तपासले. त्यातून तयार झालेली ३,११२ जोडताऱ्यांची यादी १८२७ मध्ये छापली गेली. फ्राउनहोफर यांना ती पाहता आली नाही. ७ जून १८२६ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला होता. त्यांची दुर्बीण तार्तूच्या जुन्या वेधशाळेत आजही आहे.