नागपूरचा तो सामना आणि हॅन्सी क्रोनिए

अमरावती-अकोल्याच्या क्रिकेटरसिकांना आंतरराष्ट्रीय सामना प्रत्यक्ष पाहायचा तर नागपूर गाठावे लागते. १९ मार्च २००० रोजी तेथील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर भारत-दक्षिण आफ्रिका मालिकेतील शेवटचा एकदिवसीय सामना झाला. पाहुण्यांनी ३२० धावा उभारल्या आणि भारत अवघ्या १० धावांनी हरला. प्रेक्षक चुरशीच्या खेळाच्या आठवणी घेऊन परतले. त्या सामन्याचा सौदा आधीच ठरला होता आणि तो ठरवणारा पाहुण्यांचा कर्णधारच होता, याची कल्पना त्या दिवशी कोणालाही नव्हती.

वेसेल योहानेस उर्फ हॅन्सी क्रोनिए याचा जन्म २५ सप्टेंबर १९६९ रोजी ब्लोमफाँटेन येथे झाला. वडीलही प्रांतिक क्रिकेटपटू. ग्रे कॉलेज या नामांकित शाळेचा तो प्रमुख विद्यार्थी होता. वयाच्या एकविसाव्या वर्षी तो ऑरेंज फ्री स्टेटचा कर्णधार झाला. वर्णभेदामुळे लादलेला बहिष्कार संपवून दक्षिण आफ्रिका क्रिकेटविश्वात परतली, तेव्हा नव्या संघाला असाच चेहरा हवा होता. १९९४ पासून राष्ट्रीय संघाची धुरा त्याच्याकडे आली. त्याच्या नेतृत्वाखाली संघाने ५३ पैकी २७ कसोटी जिंकल्या. शिस्तप्रिय, धर्मनिष्ठ, शब्दाला जागणारा, अशी त्याची ख्याती होती.

या ख्यातीआड वेगळाच व्यवहार चालू होता. १९९६ च्या कानपूर कसोटीत त्याने एका सट्टेबाजाकडून ३० हजार डॉलर घेतले. त्याच दौऱ्यात मुंबईतील सामना हरण्यासाठी आलेला देकार त्याने थेट संघाच्या बैठकीत मांडला. सहकाऱ्यांनी तो फेटाळला, पण कर्णधाराला जाब कोणी विचारला नाही. जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियन येथील पावसाने धुतलेली कसोटी निकाली काढण्यासाठी त्याने डाव सोडून देण्याची तडजोड केली. त्याबद्दल एका सट्टेवाल्याने त्याला ५३ हजार रँड आणि चामड्याचे जाकीट दिले.

नागपुरात त्याने गाठले ते हर्शेल गिब्ज आणि हेन्री विल्यम्स यांना. दोघेही गौरेतर समाजातले, संघातले स्थान पक्के नसलेले. गिब्जने २० धावांच्या आत बाद व्हायचे, विल्यम्सने पन्नासहून अधिक धावा द्यायच्या आणि संघाने २७० च्या आत थांबायचे, असा बेत होता. प्रत्येकी १५ हजार डॉलर मिळतील, असे त्याने सांगितले. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या नावावर त्याने २५ हजार मागितले होते; वरचे दहा हजार त्याचे स्वतःचे. पण गिब्जची बॅट तळपली आणि त्याने ५३ चेंडूंत ७४ धावा ठोकल्या. खांदा दुखावल्याने विल्यम्स ११ चेंडूच टाकू शकला. बेत फसला.

७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी क्रोनिए आणि सट्टेबाज यांच्यातील दूरध्वनी संभाषण उघड केले. आधी त्याने सारे नाकारले. चार दिवसांनी मध्यरात्रीनंतर त्याने क्रिकेट मंडळाचे प्रमुख अली बाकर यांना फोन करून आपण पूर्ण खरे बोललो नसल्याची कबुली दिली. कर्णधारपद गेले. न्या. किंग यांच्या आयोगापुढे साक्ष देताना त्याला रडू कोसळले. ऑक्टोबरमध्ये त्याच्यावर तहहयात बंदी आली. गिब्ज आणि विल्यम्स यांच्यावर सहा महिन्यांची बंदी आणि दंड लादण्यात आला.

पुढे त्याने जोहान्सबर्गमधील एका कंपनीत नोकरी धरली. १ जून २००२ रोजी घरी परतताना तो एका मालवाहू विमानात बसला. जॉर्जजवळच्या डोंगरावर ते कोसळले आणि दोन वैमानिकांसह त्याचा अंत झाला. वय होते अवघे ३२. अंत्यसंस्काराच्या प्रार्थनेसाठी लोक जमले ते त्याच्या शाळेत, ग्रे कॉलेजमध्ये.

दक्षिण आफ्रिकेत आजही अनेकांना त्याच्याविषयी जिव्हाळा वाटतो. पैशांची त्याला ददात नव्हती. उणीव होती ती मोहाला नकार देण्याच्या बळाची. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, ज्यांना कर्णधाराला नकार देणे सर्वांत अवघड होते, त्याच दोघांना त्याने त्या मोहात ओढले. नागपूरच्या धावफलकावर गिब्जच्या नावापुढे आजही ७४ धावा आहेत. कर्णधाराने मागितल्या होत्या विसाच्या आत.