गोव्याचे से कॅथेड्रल आणि यूसुफ आदिलशहांचा दरवाजा

कोल्हापूरहून गोव्याला जाणारे बरेच जण जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल बघून येतात. पण जवळच, सेंट कॅजेटन चर्चपाशी, काळ्या दगडाचा एक दरवाजा एकटाच उभा आहे, तिकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. विजापूरच्या आदिलशाहीचे संस्थापक यूसुफ आदिलशहा यांच्या वाड्याची एवढीच खूण उरली आहे.

यूसुफ यांना इतिहासकार फरिश्ता उस्मानी घराण्यातले शहजादे म्हणतो. बरेच अभ्यासक ते मानत नाहीत. एवढे मात्र खरे, की परदेशातून आलेला हा तरुण बहमनी राज्यात वजीर महमूद गवान यांच्या हाताखाली मोठा झाला. १४८१ मध्ये गवान यांना नाहक ठार मारले गेले आणि बहमनी सल्तनत खिळखिळी झाली. १४९० च्या सुमारास यूसुफ विजापुरात स्वतंत्र झाले. त्यांच्या बेगम बुबूजी खानम या मराठा सरदार मुकुंदराव यांच्या भगिनी. आपला पन्हाळाही आदिलशाहीतच होता.

गोवा हे या राज्याचे मोठे बंदर. अरबी घोडे इथे उतरत, हजचे यात्रेकरू इथूनच निघत. त्यामुळेच पोर्तुगीजांचा त्यावर डोळा होता. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतले. आदिलशाही फौजेने काही महिन्यांतच ते परत मिळवले. त्याच वर्षी यूसुफ यांचा इन्तेकाल झाला, आणि वारस इस्माईल अजून लहान. २५ नोव्हेंबरला गोवा कायमचे गेले. शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. यूसुफ यांच्या वाड्यात पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय राहू लागले.

तो दिवस संत कॅथरीनचा, म्हणून कॅथेड्रल तिच्या नावाचे. बांधकाम १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये संपले. बाहेरून साधा पांढरा गिलावा, आत उंच कमानी आणि सोनेरी वेदी. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध मोठी घंटा आहे.

यूसुफ कर्नाटकातल्या गोगी इथे, सुफी बुजुर्ग चंदा हुसेनी यांच्या दर्ग्याजवळ दफन आहेत.

पाचशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा राग आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांवर काढायचा नसतो, हे आम्ही वर्गातही सांगतो आणि घरीही. पण विसरायचेही नसते. पुढच्या सहलीत मुलांना कॅथेड्रल जरूर दाखवा. त्याची कारागिरी बघण्यासारखीच आहे. मग दहा मिनिटे काढून त्या दरवाजापाशीही न्या, आणि तो कुणाचा ते नावासकट सांगा.