बाबासाहेबांचा रक्तदाब आणि आमची गोळी

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आम्ही महाड, राज्यघटना, धम्मदीक्षा अशा टप्प्यांनी सांगतो. हे सारे ज्या देहाने पेलले, त्या देहाचे हाल मात्र सांगत नाही.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली, तेव्हा बाबासाहेब ५६ वर्षांचे होते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि पायांच्या असह्य वेदनांनी त्यांना गाठले होते. तरीही २६ नोव्हेंबर १९४९ पर्यंत त्यांनी घटनेचे काम तडीस नेले. १९४८ पासून डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांच्या पथ्यपाण्याची काळजी वाहिली. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळविले, की प्रकृती ढासळत आहे, पण डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे. बिल रखडले, त्यांनी मंत्रिपदावर लाथ मारली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली, नोव्हेंबरात काठमांडूची बौद्ध परिषद गाठली. ५ डिसेंबरच्या रात्रीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ची प्रस्तावना त्यांच्या हाताशी होती. ६ डिसेंबरला झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्या काळी रक्तदाबावर सहज घेता येईल असे प्रभावी औषध नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टही १९४५ मध्ये उच्च रक्तदाबाने जर्जर होऊन मेंदूतील रक्तस्रावाने गेले. लघवीवाटे मीठपाणी काढून दाब उतरविणारी थायाझाइडची गोळी बाजारात आली १९५८ मध्ये. बाबासाहेबांना ती मिळालीच नाही!

आज ती गोळी आहे, आणि आमचे लोक ती अर्ध्यावर सोडतात. किल्लारीचेच पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घरे कोसळली. तेव्हाचे तरुण आज पन्नाशी-साठीत आहेत. या वयात रक्तदाब मुकाट्याने वाढतो. बरे वाटले की गोळी बंद, चक्कर आली की सुरू, असे केल्याने दाब सारखा चढतो-उतरतो. नुसता चढलेला दाबच नव्हे, तर ही चढउतारही हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढविते, असे संशोधन सांगते. घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, की मुलांचे शिक्षण थांबते.

सरकारी दवाखान्यात गोळी संपली असेल, तर गप्प बसू नका. लेखी अर्ज द्या. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे घटनेचे ४७ वे कलम सांगते. येत्या ६ डिसेंबरला प्रत्येक विहारात अभिवादनाबरोबर रक्तदाबाची तपासणी ठेवावी, असे आमचे आवाहन आहे. बाबासाहेबांनी देह झिजवून दिलेली चळवळ पुढे न्यायची, तर चालते-फिरते कार्यकर्ते हवेत.

जय भीम!