रबराच्या पिळावरचे विमान

कोल्हापूरनजीक उजळाईवाडी येथे छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली विमानतळ झाला. यंत्राच्या बळावर माणूस आकाशमार्गे जातो, ही गोष्ट तोवर सर्वांच्या परिचयाची झाली होती. परंतु त्यापूर्वी सत्तर वर्षे, असे कोणी बोलून दाखविले तर लोक त्याला हसत. त्या काळी दूर फ्रान्स देशात, पॅरिस शहरी, कुबड्यांच्या आधाराने चालणारा एक तरुण उडण्याचा ध्यास घेऊन बसला होता. त्याचे नाव आल्फाँस पेनो.

पेनोचा जन्म १८५० साली झाला. वडील आरमारात मोठे अधिकारी होते. आपणही दर्यावर जावे, अशी आल्फाँसची इच्छा होती. पण कमरेच्या सांध्याच्या दुखण्याने ती पुरी होऊ दिली नाही. समुद्राची वाट बंद झाली, तेव्हा त्याने आपले चित्त आकाशाकडे वळविले.

उडत्या यंत्राच्या लहान प्रतिकृती त्यापूर्वीही अनेकांनी केल्या होत्या. अडचण होती ती शक्तीची. वाफेचे यंत्र जड. पोलादी स्प्रिंग तीही जड, आणि तिचा जोर क्षणात सरे. पेनोने १८७० साली रबर घेतले. बेचकीचे रबर ताणून सोडले की खडा किती दूर जातो, हे मुलांना ठाऊक असतेच. पेनोने रबर नुसते ताणले नाही, त्याला पीळ दिला. पीळ उलगडू लागला की त्याला जोडलेला पंखा आपोआप फिरे. वजनाच्या मानाने रबरात पोलादी स्प्रिंगेपेक्षा कितीतरी अधिक शक्ती साठते, हे त्याने नेमके हेरले होते.

दिसावयास सोपे असले, तरी हे काम मोठे नाजूक आहे. आजही छंदिष्ट मंडळी सभागृहात उडवावयाच्या चिमुकल्या विमानांसाठी रबर फार जपून सिद्ध करतात. धाग्याची गाठ मारून वेढा करावयाचा, त्याला गुळगुळीत द्रव चोळावयाचा, तो मूळ लांबीच्या कित्येक पट ताणावयाचा आणि पीळ भरता भरता हळूहळू पुढे सरकत यावयाचे. रबर कोरडे राहिले तर घासून तुटते. नखाएवढी चीर असली, तरी सारे श्रम वाया जातात. परंतु काम साधले, तर जेमतेम दीड-दोन ग्रॅम वजनाचे विमान अर्धा तास तरंगत राहते!

पेनोचे विमान १६ ग्रॅमचे होते. लांबी सुमारे ५० सेंटिमीटर, पंखांचा पसारा ४५. पंखा शेपटीमागे बसविलेला. पंखांची टोके त्याने वर वळविली आणि शेपटीला किंचित उलटा कल दिला. त्यामुळे विमानाचे नाक खाली गेले, तरी ते आपल्या आपण सावरे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी उद्यानात जाणत्या मंडळींसमोर त्याने ते सोडले. ११ सेकंदांत ते ४० मीटर गेले.

त्यानंतर त्याला खरे विमान करावयाचे होते. १८७६ साली पॉल गोशो या सहकाऱ्यासह त्याने दोन माणसांच्या विमानाचा आराखडा नोंदविला. जमिनीवरून व पाण्यावरूनही उडणारे, चाके पोटात घेणारे असे ते विमान होते. पण हलके इंजिन तेव्हा नव्हते आणि पैसाही मिळेना. १८५२ साली वाफेवरचे वायुयान उडविणाऱ्या आंरी जिफार यांच्याकडे तो मोठ्या आशेने गेला. मदत मिळाली नाही. अखेर आपले आराखडे त्याने शवपेटीच्या आकाराच्या एका लहानशा पेटीत घातले आणि ती पेटी जिफार यांच्या घरी पोचती केली. १८८० च्या ऑक्टोबरात, निराशेने खचलेल्या या तरुणाचा अंत झाला. वय अवघे तीस वर्षांचे.

त्याच्या हयातीतच, १८७८ साली, अमेरिकेत एका धर्मोपदेशकाने आपल्या मुलांसाठी एक खेळणे आणले होते. बूच, बांबू, कागद आणि पिळाचे रबर. पेनोच्याच कल्पनेवर केलेले. ते छतापर्यंत उडाले. थोरला विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता, धाकटा ऑर्व्हिल सात वर्षांचा. खेळणे मोडले, तेव्हा त्यांनी स्वतः तशी आणखी केली. हेच ते राइट बंधू. ऑर्व्हिलचा जन्म १९ ऑगस्ट १८७१ चा, म्हणजे त्विलरी उद्यानातील उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशीचा. १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिनाच्या विमानातून तो प्रथम उडाला, तेव्हा हवेत १२ सेकंद राहिला आणि सुमारे ३७ मीटर गेला. पेनोच्या खेळण्याहून तीन मीटर कमीच.