आवाजाच्या जोरावर अख्खं थिएटर भरवणारा कोल्हापूरचा केशवराव

कोल्हापूर : ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबाग मैदानाला लागून असलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. बघता बघता छप्पर, रंगमंच, खुर्च्या सगळं जळून गेलं. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या रात्री बघायला जमलेल्या कलाकारांना रडू आवरलं नाही. पण ज्यांच्या नावाचं हे थिएटर, ते केशवराव कोण, हे नव्या पोरांना फारसं ठाऊक नाही.

केशवरावांचा जन्म १८९० सालचा, कोल्हापुरातला. घरची परिस्थिती बेताची. त्यामुळे शाळेची पाटी धरायच्या वयात हे पोरगं थोरल्या भावाबरोबर, दत्तोपंतांबरोबर, स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झालं. 'शारदा' नाटकातली शारदा त्यांनी लहानपणीच गाजवली. तेव्हा बायका स्टेजवर येत नव्हत्या, बाईची कामं पोरांनाच करावी लागत. गाण्याची तालीम पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्याकडं मिळाली. गळा असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द कळायचा. माईक नव्हता, लाऊडस्पीकर नव्हता. आज गावच्या जत्रेत माईक बंद पडला की कार्यक्रमच थांबतो.

कंपनीच्या मालकाशी पटेना, म्हणून बाहेर पडले. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. वय किती? सतरा! एवढ्या वयात पगार, बिऱ्हाड, प्रवास, कपडेपट सगळं अंगावर घेतलं. मामा वरेरकरांची हुंडा, धर्मांतर अशा विषयांवरची नाटकं याच कंपनीनं रंगमंचावर आणली.

इकडं राजर्षी शाहू महाराजांनी युरोपात मोठी थिएटरं पाहिली होती. तसं आपल्या गावात हवं म्हणून खासबागचा कुस्तीचा आखाडा झाल्यावर त्याच्या शेजारीच १९१३ साली थिएटरचं काम सुरू केलं. १९१५ ला ते उभं राहिलं. नाव पॅलेस थिएटर. एका अंगाला कुस्ती, एका अंगाला नाटक, दोन्ही महाराजांच्या आवडीचं. आत मध्ये खांब नाही, त्यामुळं कुठंही बसा, समोरचं दिसणार.

केशवरावांची सगळ्यात मोठी रात्र मात्र मुंबईतली. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्यांचे दोन मालक, धंद्यातले प्रतिस्पर्धी, एकाच स्टेजवर! लोक कोण जिंकतो ते बघायला गेले होते, असं म्हटलं तरी चालेल. कोण सरस, यावर जुनी माणसं पुढं कित्येक वर्षं वाद घालत बसायची.

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत. विषमज्वराचं निमित्त झालं आणि ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. वय ३१. पुढच्याच वर्षी मे महिन्यात शाहू महाराजही गेले.

कंपनी बापूराव पेंढारकरांनी सांभाळली, नंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी. पॅलेस थिएटरला १९५७ मध्ये केशवरावांचं नाव दिलं गेलं. आगीनंतर ही वास्तू होती तशीच पुन्हा उभी करायचं काम हाती घेतलं गेलं, त्या जुन्या दगडी भिंतींना धरूनच.