उतरत्या उन्हातले गंधर्व

यवतमाळकरांपुढे शकुंतला म्हटले, की मूर्तिजापूरला जाणारी, आता थांबलेली छोटी रेल्वे उभी राहते. संगीत रंगभूमीवर मात्र शकुंतला म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. १९०५ साली मिरजेत किर्लोस्कर मंडळीच्या प्रयोगात त्यांनी ही भूमिका केली आणि बालगंधर्वांचे युग सुरू झाले. त्या युगाच्या वैभवावर पुष्कळ लिहिले गेले. त्याच्या अखेरीबद्दल मात्र आपण दबक्या आवाजात बोलतो; कारण त्या काळात त्यांना ऐकायला गेलेले कितीतरी रसिक जड मनाने घरी परतले.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. ‘बालगंधर्व’ हे नाव लोकमान्य टिळकांनी दिले, असे सांगतात. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. दुःख पोटात घालून ते भामिनी होऊन उभे राहिले. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ चे ‘स्वयंवर’, १९१९ चे ‘एकच प्याला’ यांनी महाराष्ट्राला वेड लावले. भास्करबुवा बखले यांच्या चाली, अहमदजान थिरकवांचा तबला, कादरबक्षांची सारंगी. पैठण्या खऱ्या, अत्तरही खरे. मिळालेला पैसा रंगभूमीवरच खर्च होई. हिशेब ठेवणे नारायणरावांना कधी जमले नाही. कर्ज झाले, फिटले आणि पुन्हा झाले.

मग बोलपट आले. नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळला आणि मंडळीचा डोलारा डळमळू लागला. १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त नारायणराव एकनाथ झाले. पण समोर दाद देणारे रसिक नसताना कॅमेऱ्यापुढे उभे राहणे त्यांना मानवले नाही. ते पुन्हा नाटकाकडे आले. गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या, पुढे त्यांच्या जीवनसाथी झाल्या.

येथून पुढची वाट उताराची होती. वय वाढले, शरीर सुटले, दमसास कमी झाला. तरीही साठीच्या घरातले नारायणराव शालू नेसून उभे राहत. पुढे पायांतली शक्ती गेली. त्यांना उचलून आणून बसवावे लागे आणि ते भजने गात. अशा बैठकीला बाप आणि मुलगा एकत्र येत, पण एकच गाणे ऐकत नसत. बाप आपल्या आठवणीतला सूर त्यात मिसळून घेई आणि डोळे पुसत उठे. ज्याने हे नाव फक्त घरातल्या गप्पांत ऐकले होते, त्या मुलाला मात्र समोर एक थकलेला वृद्ध दिसे. एवढे कौतुक ते याचेच का, असे त्याला वाटे. त्याचेही काही चुकत नव्हते.

नारायणरावांनी वेळीच थांबायला हवे होते, असे त्यांच्या चाहत्यांनाही वाटे. पण थांबून करायचे काय? गाण्याशिवाय दुसरा व्यवसाय त्यांना ठाऊक नव्हता आणि गाठीला पैसा उरला नव्हता. शिवाय प्रेक्षकही त्यांना मोकळे सोडत नव्हते. ज्या ‘वन्स मोअर’ने त्यांना मोठे केले, त्याच मागणीने त्यांना तरुणपणीच्या त्याच पदांशी बांधून ठेवले. रुक्मिणी आणि भामिनी म्हाताऱ्या झालेल्या कुणालाच बघायच्या नव्हत्या. अपेक्षाभंगाचा दोष एकट्या गायकावर टाकणे म्हणूनच योग्य नाही.

सरकारदरबारी मान मिळाला. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण त्यांच्या वाट्याला आले. पण १९६४ मध्येच गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात नारायणरावांनी डोळे मिटले. ज्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते १९६२ मध्ये बसली होती, ते बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी उघडले. ते पाहायला ते उरले नव्हते.

१९७३ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर यांनी बालगंधर्वांवर लिहिलेली कविता आजही अनेकांना पाठ आहे. त्या अखेरच्या बैठकींतून निराश होऊन उठलेली मुलेही पुढे आपल्या नातवंडांना एक गोष्ट अभिमानाने सांगत राहिली: आम्ही बालगंधर्वांना प्रत्यक्ष ऐकले आहे.