संत थॉमस मोअर : आज्ञापालनाची मर्यादा

२२ जून रोजी ख्रिस्तसभा संत थॉमस मोअर आणि बिशप संत जॉन फिशर यांचा सण साजरा करते. आईवडील, शिक्षक, वरिष्ठ, सरकार अशा अनेकांचे आपण रोज ऐकतो. संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास शिकविले आहे. मात्र माणसाची आज्ञा देवाच्या आज्ञेआड आली तर आपण काय करावे? थॉमस मोअर यांनी या प्रश्नाचे उत्तर प्राण देऊन दिले.

थॉमस यांचा जन्म १४७८ साली लंडनमध्ये झाला. वडिलांप्रमाणे तेही कायदा शिकले. तरुणपणी कार्थुजियन मठाच्या सहवासात राहून त्यांनी संन्यस्त जीवनाचा विचार केला. परंतु आपले पाचारण संसारात आहे हे त्यांनी ओळखले. त्यांना तीन मुली व एक मुलगा झाला. मुलींना शिकविण्याची रीत नसलेल्या त्या काळात त्यांच्या मुली लॅटिन व ग्रीक शिकल्या.

१५२९ साली राजा आठवा हेन्री याने त्यांना लॉर्ड चॅन्सलर हे अत्युच्च पद दिले. ते निर्दोष होते असे नाही. त्यांच्या कारकिर्दीत पाखंडी ठरविलेल्या काही जणांना जाळण्यात आले व त्या कायद्याला त्यांचा पाठिंबा होता. हा मार्ग चुकीचा होता, हे आज आपण जाणतो. संतही आपल्यासारखीच माणसे असतात.

राजाला कॅथरीन राणीशी झालेला विवाह रद्द करून ॲन बोलिनशी विवाह करायचा होता. पोपमहोदयांनी परवानगी नाकारली, तेव्हा राजा स्वतःच इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा प्रमुख होऊ पाहू लागला. मे १५३२ मध्ये तेथील धर्मगुरुवर्ग राजापुढे नमला. दुसऱ्याच दिवशी मोअर यांनी राजीनामा दिला. त्यांनी बंड केले नाही की राजाची निंदा केली नाही. घरात पैशांची चणचण आली, तीही त्यांनी सोसली.

१५३४ साली सर्वांना शपथ घेण्याचा हुकूम झाला. राजगादीचा वारस ठरविण्याचा संसदेचा अधिकार मोअर यांना मान्य होता. पण पोपमहोदयांचा अधिकार नाकारणारी शपथ त्यांनी घेतली नाही. त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद करण्यात आले. पत्नी ॲलिसने समजावले, लाडकी मुलगी मार्गारेट हिनेही विनवण्या केल्या. राजाच्या धमकीपेक्षा हे अश्रू सोसणे अवघड गेले असेल! तरीही ते ढळले नाहीत. ज्यांनी शपथ घेतली त्यांना मात्र त्यांनी दोष दिला नाही.

६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. मरतेवेळीही आपण राजाचे निष्ठावंत सेवक आहोत, मात्र देवाचा मान पहिला, हीच त्यांची भूमिका होती. १९३५ साली त्यांना संतपद मिळाले आणि २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना राजकारण्यांचे आश्रयदाते संत घोषित केले.

आपल्यावर कोणी तलवार उगारत नाही. पण खोट्या कागदावर सही करण्यास वरिष्ठ सांगतात, जमिनीच्या वाटणीत भावाचा हक्क डावलण्यास घरचेच सुचवितात, तेव्हा आपलीही परीक्षा असते. अशा वेळी उद्धटपणा न करता, पण ठामपणे नाही म्हणण्याचे बळ आपल्याला मिळावे, म्हणून या संताची मध्यस्थी मागू या.